गोडाचा दिवस आणि गोडाची वेळ

फाल्गुन महिना लागला, की बुलढाणा जिल्ह्यातील बाजारपेठांना एक निराळीच शोभा येते. खामगावची पेठ असो, चिखली-मेहकरची असो, की एखाद्या लहानशा खेड्यातील आठवडी बाजार असो. दुकानांच्या दारांवर साखरेच्या पांढऱ्याशुभ्र गाठ्या झुलू लागतात. घाटावर पळस फुललेला असतो, घाटाखाली उन्हाचा ताव वाढू लागलेला असतो, शेतांतून गहू-हरभऱ्याची कामे चाललेली असतात आणि घरोघरची मुले शेणाच्या चाकोल्या थापून, वाळवून, त्यांच्या माळा ओवण्यात दंग झालेली असतात. होळी पेटते त्या रात्री ह्या चाकोल्यांच्या माळा अग्नीत पडतात आणि साखरेची माळ मुलांच्या गळ्यात पडते. मामा गाठी आणतो, आत्या गाठी पाठवते, शेजारच्या काकूही एखादी गाठी हातावर ठेवतात. आणि ज्या घरी बाळाची पहिली होळी असते, त्या घरी तर गाठीचे कौतुक काही विचारूच नये.

ही गाठी गळ्यात असते. म्हणजे तोंडापासून ती फारशी दूर नसते. मुले खेळता खेळता तिचे एक पदक तोंडात धरतात, थोडे चोखतात, सोडून देतात; घटकाभराने पुन्हा धरतात. सकाळी गळ्यात घातलेली गाठी संध्याकाळपर्यंत झिजत झिजत नाहीशी होते आणि मग दुसरी गळ्यात येते. हे दृश्य पाहून घरातील वडीलधाऱ्यांत नेहमीच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, “पुरे झाली ती साखर! दात किडतील, पोट बिघडेल. टाका ती गाठी काढून.” दुसरा पक्ष म्हणतो, “वर्षाचा सण आहे. आज नाही खायचे तर केव्हा खायचे? खाऊ द्या लेकरांना.”

दोन्ही पक्षांच्या बोलण्यात मुलांविषयीची मायाच असते. परंतु दोघांच्याही म्हणण्यात एक एक गोष्ट राहून जाते. पहिला पक्ष सणाचा आनंद विसरतो आणि दुसरा पक्ष त्या आनंदाची मर्यादा विसरतो. वास्तविक गोड पदार्थ हा मुलांचा शत्रू नव्हे. पण तो मुलांचा धनीही होता कामा नये. गोडाचा एक दिवस असावा आणि त्या दिवशी गोडाची एक वेळ असावी. एवढे पाळले, तर सणही गोड होतो आणि शरीरही सुखी राहते. हे असे का, ते थोडे खोलात शिरून पाहण्यासारखे आहे.

गाठी म्हणजे आहे तरी काय? साखरेत पाणी घालून तिचा पाक करतात. तो चांगला आटला, की लाकडी साच्यांत ओततात. साच्यात आधीच दोरा घातलेला असतो. पाक थंड होऊन घट्ट झाला, की साचा उघडतात आणि दोऱ्यात ओवलेली पदकांची माळ बाहेर येते. म्हणजे गाठीत दोरा सोडला, तर बाकी जवळजवळ सगळी साखरच. लाडवात बेसन असते, तूप असते; पुरणपोळीत हरभऱ्याची डाळ असते; तिळगुळात तीळ असतो. गाठीत मात्र साखरेला सोबत कोणाचीच नाही.

ह्या साखरेचे भारताशी फार जुने नाते आहे. उसाच्या रसापासून दाणेदार साखर तयार करण्याची विद्या प्राचीन काळी ह्याच देशात वाढली. संस्कृतातील ‘शर्करा’ हा शब्द प्रवास करीत करीत अरबांकडे आणि पुढे युरोपात गेला व इंग्रजीत तो ‘शुगर’ झाला. ‘खंड’ म्हणजे तुकडा. साखरेच्या खड्यालाही हेच नाव पडले. हा शब्दही इराण व अरबस्तान ह्या मार्गाने युरोपात पोहोचला आणि त्याचीच ‘कँडी’ झाली. आज मुले दुकानात जाऊन ‘कँडी’ मागतात, तेव्हा परदेशी जाऊन वेष बदलून परत आलेला आपलाच एक शब्द ती उच्चारीत असतात.

शब्द जुना असला, तरी साखरेची आजची विपुलता मात्र जुनी नाही. पूर्वीच्या काळी वऱ्हाडातील सामान्य शेतकऱ्याच्या घरी रोजचे अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी किंवा ठेचा. गोड म्हणजे गूळ. आणि तोही बेताने. साखर महाग म्हणून ती डब्यात जपून ठेवलेली असे. मग सणावारी गोडधोड होई. संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरणपोळी आणि गाठी, अक्षय्य तृतीयेला आंब्याचा रस, पोळ्याला पुन्हा पुरण, गणपतीला मोदक आणि दिवाळीला फराळाची ताटे. ह्या दोन सणांच्या मधले दिवस कष्टाचे आणि साध्या जेवणाचे असत. त्या काळी मुलांना ‘गोड बेताने खा’ असा उपदेश करण्याची गरजच नव्हती. पंचांग आणि गरिबी ह्या दोघींनी मिळून ती मर्यादा घालून दिलेली होती.

गरिबीने घातलेली मर्यादा काही चांगली म्हणता येणार नाही. ती गेली, हे उत्तमच झाले. पण तिच्याबरोबर सणाने घातलेली मर्यादाही गेली, ही मात्र विचार करण्याजोगी गोष्ट आहे. आज चौकातल्या टपरीवर गोळ्यांच्या बरण्या भरलेल्या असतात. एका रुपयाला टॉफी मिळते. सकाळी चहाबरोबर गोड बिस्किटे, दुपारी शाळेच्या वाटेवर चॉकलेट, संध्याकाळी रंगीत पाण्याची बाटली आणि कोणाचा वाढदिवस असला तर वर्गात आणखी एक गोळी. म्हणजे होळी वर्षातून एकदाच येते. परंतु गाठी मात्र रोज गळ्यात आहे! खरे पाहता सणाच्या दिवशी खाल्लेल्या गोडाने फारसे बिघडत नाही. बिघडते ते रोजच्या दिवसाला सण समजल्याने.

आता शरीराकडे वळू आणि प्रथम दातांचा विचार करू. कारण गोडाशी पहिली गाठ पडते ती त्यांचीच. दातावर जे पांढरे, टणक आवरण असते, त्याला दंतवल्क म्हणतात. मनुष्याच्या शरीरात ह्याहून कठीण असा दुसरा पदार्थ नाही. हाडदेखील त्याच्यापुढे मऊच. परंतु ह्या कठीण आवरणाला एका गोष्टीचे भय असते. ती गोष्ट म्हणजे आम्ल. तोंडात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव राहतात. त्यांतील काहींना साखर अतिशय प्रिय. मनुष्य साखर खातो, तेव्हा हे जीवही आपली पंगत मांडतात आणि जेवून झाल्यावर मागे आम्ल सोडतात. त्या आम्लात दंतवल्कातील खनिजे हळूहळू विरघळू लागतात.

निसर्गाने ह्यावर उपायही योजून ठेवला आहे. तोंडातील लाळ हे आम्ल धुऊन काढते, सौम्य करते आणि गेलेली खनिजे थोडीथोडी पुन्हा दाताला देते. परंतु ह्या कामाला वेळ लागतो. एकदा गोड खाल्ले, की तोंड पूर्वस्थितीवर येण्यास साधारण अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ जातो. आता गळ्यात गाठी घातलेल्या मुलाची गोष्ट विचारात घ्यावी. त्याने जेवणानंतर एक पदक एकदाच खाल्ले असते, तर लाळेला एकदाच काम पडले असते. पण तेच पदक त्याने दहा वेळा थोडे थोडे चोखले, तर साखर तेवढीच राहूनही दातांवर दहा वेळा हल्ला झाला. लाळ बिचारी एक आग विझवते न विझवते, तोच दुसरी लागते. म्हणून दातांच्या दृष्टीने ‘किती खाल्ले’ ह्या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा प्रश्न ‘किती वेळा खाल्ले’ हा आहे.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनी कशी पडताळून पाहिली, त्याची कथा मोठी बोधप्रद आहे आणि थोडी दुःखदही आहे. युरोपात स्वीडन नावाचा देश आहे. तेथील लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म रुग्णालयात 1945 नंतर काही वर्षे एक प्रयोग चालला. त्याचे निष्कर्ष 1954 साली प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या निरनिराळ्या गटांना निरनिराळ्या रीतीने साखर देण्यात आली. ज्यांना जेवणाबरोबर साखर मिळत होती, त्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. पण ज्यांना दोन जेवणांच्या मधल्या वेळात दाताला चिकटणारी टॉफी वरचेवर मिळत होती, त्यांचे दात झपाट्याने किडले. हे रुग्ण मनाने दुबळे होते, त्यांची संमती कोणी विचारली नव्हती आणि त्यांचे किडलेले दात काही परत आले नाहीत. ज्ञान मिळवण्याची ही रीत योग्य नव्हती, असे आज जगभर मानले जाते. मात्र जे ज्ञान एवढ्या मोलाने मिळाले, ते वाया दवडणे हाही त्या रुग्णांवर अन्यायच ठरेल.

स्वीडनच्या लोकांनी ते वाया दवडले नाही. मुलांना गोळ्या-चॉकलेटे मुळीच देऊ नका, असा हट्ट तेथे धरला गेला नाही. आठवड्यातला एक दिवस गोडासाठी ठरवावा, असा सल्ला पुढे आला आणि लोकांनी शनिवार निवडला. ‘शनिवारची मिठाई’ ही चाल तेथील अनेक घरांत आजही आहे. मुले आठवडाभर शनिवारची वाट पाहतात. त्या दिवशी कागदी पिशवीत आपल्या आवडीच्या गोळ्या भरून आणतात, आनंदाने खातात आणि रविवारी पुन्हा साध्या खाण्याकडे वळतात. आपल्याकडे पंचांगाने जे काम केले, तेच तेथे शनिवारने केले. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच : गोडाला दिवस नेमून द्यावा.

अकरा-बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी तर ही गोष्ट विशेष लक्षात ठेवली पाहिजे. दुधाचे दात पडून गेले, की त्यांच्या जागी नवे येतात. म्हणून लहानपणी निसर्ग एक चूक माफ करतो. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास आलेली पहिली मोठी दाढ आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास येणारी दुसरी मोठी दाढ ह्या कायमच्या असतात. त्यांना वारस नाही. ह्या दाढांनी पुढील साठ-सत्तर वर्षे भाकरी चावायची असते. दंतवल्क एकदा फुटून दाताला खड्डा पडला, की तो पुन्हा आपोआप भरून येत नाही. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर जुळते. पण दाताला पडलेला खड्डा मात्र दंतवैद्याकडेच न्यावा लागतो. शेतकरी ज्याप्रमाणे बियाण्याच्या दाण्याला धक्का लागू देत नाही, त्याप्रमाणे ह्या वयात दातांना जपले पाहिजे.

दातांनंतर सबंध शरीराचा विचार. साखर म्हणजे विष, असे काही लोक म्हणतात. ते बरोबर नाही. चालण्या-धावण्याला, विचार करण्याला शरीराला शर्करा लागतेच. पण ती भाकरीतून, भातातून, डाळीतून, फळांतून शरीर स्वतःच हळूहळू तयार करून घेते. त्यासाठी वरून साखर खाल्लीच पाहिजे, असे नाही. वरून घेतलेल्या साखरेतून शक्ती मिळते. परंतु तिच्यात ना प्रथिने असतात, ना जीवनसत्त्वे, ना लोह. गोड खाऊन पोट भरले, की जेवणाच्या वेळी भूक राहत नाही आणि वाढत्या वयाच्या शरीराला जे खरोखर हवे असते, ते ताटातच पडून राहते.

मग साखर किती खावी? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली ह्याविषयी मार्गदर्शन केले आहे. दिवसभरात अन्नातून जी ऊर्जा मिळते, तिच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी ऊर्जा अशा वरच्या साखरेतून यावी आणि ती विसाव्या हिश्शापेक्षा कमी असेल तर अधिकच चांगले, असे ती संघटना सांगते. दिवसाला 2000 किलोकॅलरी ऊर्जा लागणाऱ्या व्यक्तीसाठी हा विसावा हिस्सा म्हणजे सुमारे 25 ग्रॅम साखर. अर्थात चहाचे साधारण सहा चमचे. आता हिशेब करून पाहावा. पाव किलोची गाठी म्हणजे 250 ग्रॅम साखर. ती एकट्या मुलाने संपवली, तर दहा दिवसांची साखर एका गाठीत झाली. गोड शीतपेयाच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम साखर असते. म्हणजे एका बाटलीतच दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. गाठी निदान डोळ्यांना दिसते. बाटलीतली साखर दिसतही नाही; म्हणून ती अधिक फसवी.

शरीराच्या गरजेहून अधिक खाणे चालू राहिले आणि खेळणे-धावणे कमी झाले, की वजन वाढते. आणि वाढलेले वजन पुढे अनेक रोगांना वाट करून देते. त्यांतला एक मधुमेह. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतातील मधुमेही माणसांची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख आहे. मोठेपणी होणारा हा रोग केवळ साखर खाल्ल्याने होतो, असे नाही. आनुवंशिकता, वाढलेले वजन, व्यायामाचा अभाव अशी त्याची अनेक कारणे आहेत. पण खाण्याच्या सवयी लहानपणीच लागतात आणि मोठेपणी त्या सहसा सुटत नाहीत. येथे आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. काही लहान मुलांनाही मधुमेह असतो. तो बहुधा निराळ्या प्रकारचा असतो. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयार होईनासे होते. त्यांनी गोड फार खाल्ले म्हणून तो झालेला नसतो. अशा एखाद्या सोबत्याला ‘गोड खाल्लेस म्हणून आजारी पडलास’ असे हिणवणे हे अज्ञानही आहे आणि निष्ठुरपणाही आहे.

इतके सांगितल्यावर कोणाला वाटेल, की मग गाठी नकोच. पण हा निष्कर्षही उतावळेपणाचा होईल. गाठी ही केवळ साखर नाही. मामाने दुरून येताना बाजारात थांबून ती घेतलेली असते. आजीने ती देवापुढे ठेवून मग नातवाच्या गळ्यात घातलेली असते. तिच्यात नात्याचा धागा ओवलेला असतो. तो धागा तोडणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय जी गोष्ट अजिबात मना केली जाते, तिची ओढ दुप्पट होते. घरात कुलूप पडले, की मूल शेजारी जाऊन खाते आणि लपवून खाल्लेल्याला मर्यादा राहत नाही.

खरा प्रश्न गोडीचाच आहे. मर्यादेने गोडी कमी होत नाही, वाढते. ‘भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा’ अशी म्हण आहे. भूक असली तर कोंडाही चवदार लागतो. मग वाट पाहून मिळालेली गाठी किती गोड लागेल! उलट, दिवसभर जिभेवर साखर घोळत राहिली, तर जीभच बोथट होते. मग साध्या दुधाला गोडी लागत नाही, पेरू बेचव वाटतो, ज्वारीच्या ताज्या भाकरीतला गोडवा तर कळतच नाही. जो रोज दिवाळी करतो, त्याला दिवाळीच्या दिवशी काय उरते? अधिक गोड खाणारा अधिक सुखी होत नाही. त्याची फक्त सुखाची किंमत वाढत जाते.

साखरेची खरी किंमत आणखी एका अर्थाने ध्यानात घेतली पाहिजे. महाराष्ट्रात उसाच्या तोडणीसाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून लक्षावधी मजूर दिवाळीच्या सुमारास घरे सोडून निघतात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. थंडीत, पहाटेच्या अंधारात ते उसाच्या फडात उतरतात. आईबापांबरोबर गेलेल्या कित्येक मुलांची शाळा त्या काळात बुडते. पांढऱ्याशुभ्र गाठीमागे असे काळवंडलेले हात असतात. ज्या वस्तूमागे इतके श्रम आहेत, ती निष्काळजीपणाने चघळून टाकणे, अर्धी चोखून धुळीत फेकणे योग्य नव्हे. ती मानाने आणि बेताने खावी.

मग करावे काय? फार अवघड असे काहीच नाही. गाठी गळ्यात अवश्य घालावी, मिरवावी. पण ती गळ्यातच असू द्यावी, तोंडात नव्हे. जेवण झाले, की एक पदक घ्यावे आणि सावकाश, चव घेत, एका बैठकीत खावे. नंतर चूळ भरावी. झोपण्यापूर्वी दात घासावेत आणि घासल्यावर पुन्हा गोड खाऊ नये; कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांना राखणदार उरत नाही. एकाहून अधिक गाठ्या आल्या, तर त्या घरातल्यांत, सोबत्यांत वाटाव्यात. गावात अशीही घरे असतात, जेथे होळीला एकही गाठी येत नाही. चार गाठ्या एकट्याने खाणाऱ्याचे दात किडतात आणि एकही न मिळालेल्याचे मन खट्टू होते. त्या वाटून घेतल्या, तर दोन्ही अनिष्टे एकदम टळतात. पाहुण्याने आग्रह केला, तर तोंड वाकडे न करता गाठी हाती घ्यावी, नमस्कार करावा आणि ‘जेवल्यावर खाईन’ असे नम्रपणे सांगावे. त्याने देणाऱ्याचाही मान राहतो आणि आपला नियमही.

उरलेल्या वर्षभराच्या दिवसांसाठीही पर्याय कमी नाहीत. तहान लागली तर पाणी आणि भूक लागली तर हातात फळ असावे. ऋतूनुसार बोरे येतात, पेरू येतात, डोंगरउतारावरची सीताफळे येतात. फाल्गुनात तर शेतात हरभऱ्याचा हुळा भाजला जातो. ह्या खाण्यात चव आहे, चावण्याचे काम आहे आणि शरीराला उपयोगी असे पुष्कळ काही आहे.

ह्या बाबतीत सगळा भार मुलांवरच टाकून मोठ्यांनी मोकळे होणेही बरोबर नाही. मूल रडले की चॉकलेट, अभ्यास केला की चॉकलेट, पाहुणे आले की चॉकलेट, अशी सवय मोठेच लावतात आणि मग मुलांना नावे ठेवतात. शासनानेही आता ह्याकडे लक्ष दिले आहे. फार साखर, मीठ किंवा चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा नियम 2020 साली झाला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2025 साली आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले. हे सारे चांगलेच आहे. परंतु कोणताही नियम मुलाच्या घशाशी पहारा देऊ शकत नाही. फलक भिंतीवर असतो. संयम मात्र मनात असावा लागतो. आणि मन घडते ते घरातल्या मोठ्या माणसांच्या वागण्याकडे पाहून.

होळीनंतर पंधरा दिवसांनी गुढीपाडवा येतो. त्या दिवशी दारोदार गुढी उभी राहते. तिच्या शेंड्याला रेशमी वस्त्र असते, तांब्या असतो, फुलांची माळ असते; आणि एकाच काठीला साखरेची गाठी व कडुनिंबाची डहाळी अशी दोन्ही बांधलेली असतात. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचा कोवळा पाला गुळाबरोबर वाटून आधी खायचा असतो. गोडाचे जेवण मागून. ज्यांनी ही चाल पाडली, त्यांनी गोड वर्ज्य केले नाही आणि कडूही टाळले नाही. दोहोंना त्यांनी आपापली जागा दिली. नवे वर्ष सुरू करताना मुलांनी हाच धडा गिरवावा. गाठीला तिचा दिवस द्यावा, त्या दिवशी तिला तिची वेळ द्यावी आणि मग पूर्ण आनंदाने ती खावी. जो असे करील, त्याला पुढच्या फाल्गुनातली गाठीही तितकीच गोड लागेल आणि ती फोडायला त्याचे दातही शाबूत असतील.